लाल चिंधी सोडली, मामाजी

मामाजी, बंदूक रिकामी झाली. सगळ्यात आधी तेवढंच सांगते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. चापापाशी बांधलेली लाल चिंधी मी माझ्या हातानं सोडली, धुतली आणि दोरीवर वाळत घातली.

बंदूक भरलेली असली की चिंधी बांधायची, रिकामी केली की सोडायची, हा या घरात तुमचा नियम होता. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधली असेल. तसं मी बोललेही. तुम्ही विड्याचं पान तोंडातल्या तोंडात फिरवत हसलात. "दृष्ट माणसाले लागते सूनबाई. बंदुकीपासून माणसालेच जपा लागते." मग समोर बसवून समजावलंत. ही ठासणीची बंदूक. हिच्यात काडतूस नसतं, की काढलं आणि खिशात घातलं. नळीच्या तोंडातून बारूद घालायची, वरून काथ्याचा बोळा ठासायचा, मग गोळी, मग पुन्हा बोळा. एकदा भरली की उडवूनच रिकामी होते. म्हणून चिंधी.

तुम्ही गेलात त्या दुपारी घर माणसांनी भरून गेलं. बंदुकीकडे कोण बघतंय? पण माझी नजर आधी खुंटीवर गेली. चिंधी बांधलेली होती. तेरवीपर्यंत मी त्याच खुंटीखाली पाट टाकून बसले. पाहुण्यांची पोरं भिंतीला लोंबकळायची, मी त्यांना लाडू देऊन अंगणात पिटाळायची. बाया म्हणायच्या, सून जागची हलून नाही राहिली, लयच मनाले लावून घेतलं बिचारीनं. मनाला लागलंच होतं, मामाजी. पण अर्धं लक्ष वर होतं.

मी भित्री. हे तुम्हाला सांगायला नको. सातवीतून शाळा सुटली, आई गेल्यावर घर अंगावर पडलं, आणि तेव्हापासून चुलीतला निखारा विझला का, दाराची कडी लागली का, हे तीन-तीनदा उठून बघायची खोड लागली ती लागलीच. माझे काका पांढुर्ण्याला रेल्वेत होते, त्यांनी हे स्थळ आणलं. साताऱ्याकडची पोर मध्य प्रदेशात, कन्हान नदीच्या काठी रामाकोन्याला. पहिले कितीतरी महिने मला इथलं अर्धं बोलणं कळायचं नाही. मी 'मामंजी' म्हटलं की घरातली पोरं खिदळायची. तुम्हीच म्हणालात, "तिले जसं येते तसं म्हणू द्या." मग मीच 'मामाजी' म्हणायला लागले. तुम्ही तसं म्हटलं नसतंत तर कदाचित कधीच म्हटलं नसतं.

माझ्या या उठबशीला हे वैतागायचे. सौंसरच्या शाळेत पोरांना शिकवून दमून यायचे आणि मी रात्री कडी बघायला उठायची. एकदा जेवताना ते बोलले, "बाबा, इले काही समजवा ना. पाय कसा ठरत नाही इचा." तुम्ही भाकरी मोडत होता. मान वर न करता म्हणालात, "समजवाचं काय त्यात? इतकं भेणारं माणूस तर मले कधीचं पाहिजे होतं. उद्यापासून बारुदीच्या कामाले हिले घेतो."

मला वाटलं थट्टा करता आहात. दुसऱ्या दिवशी खरंच हाक मारलीत.

तोवर माझ्या भीतीला सगळ्यांनी खोडच म्हटलं होतं. काम तिला तुम्ही दिलंत.

छिंदवाड्याहून लायसनवर नवी बारूद आली की तुमचा तो एक दिवस असायचा. संत्र्याची तोड असो की भुईमूग उपटायचा असो, त्या दिवशी तुम्ही दुसरं काही करायचा नाहीत. बारूद दर वेळी सारखी निघत नाही. एखादी दमट, एखादी तेज. गोळ्या आपण घरीच ओतायचो, साच्यात. थंड झाल्या की तुम्ही एकेक पितळेच्या परातीत घरंगळवायचा. सरळ गेली तर ठेवायची, डगमगली तर तिच्या पोटात हवा राहिली, पुन्हा वितळवायची. तुमच्या जुन्या धोतराच्या चकत्या मी मेणात आणि तेलात भिजवून ठेवायची, गोळी नळीत घट्ट बसावी म्हणून. मग विहिरीजवळ बाज टाकायची, बाजेवर सरकीचं पोतं, पोत्यावर बंदूक. समोर सीताफळाच्या झाडाला टेकवून संत्र्याच्या पेटीची फळी, मागे नाल्याची उंच दरड. फळीवर कोळशानं रानडुकराच्या छातीएवढं वर्तुळ.

नव्या बारुदीचा पहिला बार तुम्ही कधी हातानं उडवला नाहीत. चापाला दोरी बांधायची आणि विहिरीच्या कठड्यामागं बसून ओढायची. पहिल्या दिवशी मी कानात बोटं घालून, डोळे मिटून, वर पदर ओढून बसले होते. धूर निवळल्यावर तुम्ही म्हणालात, "जा, पाहून सांग कुठं लागली." तेच माझं काम ठरलं. फळीपाशी जायचं आणि ओरडून सांगायचं.

"वाईच खाली लागलीय!" मी पहिल्यांदा ओरडले, आणि शेजारचे बंडूभाऊ पोट धरून हसले.

"वाईच म्हणजे किती व वहिनी? आमच्याकडे वाईच नाही भेटत. बोटं भेटतात, वीत भेटते."

मग मी बोटांनी मोजायला शिकले.

बंडूभाऊंचं लंगडणं मी रोज बघत होते, पण त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. मी यायच्या आधीची गोष्ट. एका वर्षी भुईमुगात डुकरं उतरली आणि तुम्ही आलेली बारूद तशीच, न पाहता भरली. गोळी मरतुकडी सुटली, डुकराच्या मागच्या पायात बसली. ते कुंपण फोडून पलीकडे घुसलं. तिथं बंडूभाऊ पाणी देत होते. त्यांची मांडी फाटली. आता ते लग्नाकार्यात रंगवून सांगतात, "काकाजीनं गोळी मारली डुकराले, अन् लागली मले!" सगळे हसतात. तुम्ही मात्र तेवढ्यात काहीतरी काम काढून उठून जायचा. ते मी प्रत्येक वेळी बघायचे.

बारूद पारखायचा तो दिवस तिथूनच सुरू झाला हे तुम्ही कधी बोलला नाहीत. एवढंच सांगायचा, की डुक्कर मारायचं तर जागेवर पडलं पाहिजे, नाहीतर बारच नको. ज्या अंतरावरून सगळ्या गोळ्या वर्तुळात बसल्या ते आपलं अंतर. सीताफळाच्या पलीकडे डुक्कर उभं राहून तुमच्याकडे बघत असलं तरी तुम्ही बंदूक उचलायचा नाहीत. बंडूभाऊ चिडवायचे, "काकाजी, ते डुक्कर हात जोडून उभं आहे, मारा ना." तुम्ही म्हणायचा, "त्याले म्हणा, जरा पुढे ये."

आता आपलं ते भांडण. त्याबद्दल लिहू की नको, असं झालंय. पण ते अर्धं राहिलं आहे आणि अर्ध्या गोष्टी मला झोपू देत नाहीत.

यंदा बारूद चांगली होती. परातीत गोळ्या सरळ गेल्या. चकत्या मीच केल्या होत्या. तरी तुम्ही नेम धरून पोत्यावर बंदूक ठेवलीत आणि गोळी वर्तुळाच्या बाहेर. दुसरी फळीच्या कडेला. तुम्ही म्हणालात बारूद दमट आहे. मग म्हणालात चकती जाड झाली. तुम्ही पाणी प्यायला गेलात तेव्हा मी बंडूभाऊंना म्हटलं, तुम्ही नेम धरा. त्यांची वर्तुळात. पुन्हा धरा म्हटलं. पुन्हा वर्तुळात.

तुम्ही परत आलात. निकाल सांगायचं काम माझं, म्हणून मी सांगितला.

तुम्ही फळीजवळ जाऊन भोकं बोटानं चाचपलीत. त्या दिवशी मला नीट दिसलं, उजव्या डोळ्यातली बाहुली दुधासारखी झाली होती.

"मामाजी," मी म्हटलं, "बारुदीची परीक्षा घेता, गोळीची घेता. डोळ्यांची कधी घेणार?"

बंडूभाऊ एकदम नाल्याकडे बघायला लागले.

मग मी थांबलेच नाही. पांढुर्ण्याला डोळ्यांचं शिबिर लागणार आहे, तिकडे चला. तोवर बंदुकीत गोळी घालू नका. तोडीच्या बाया उजाडायच्या आत बगीच्यात येतात, डोक्यावर टोपली, अंगावर काळं घोंगडं, त्या काय आणि डुक्कर काय. नुसती बारूद भरा, आवाज करा, डुकरं पळतील.

"रिकाम्या आवाजाले डुक्कर दोन दिस भिते," तुम्ही म्हणालात. "तिसऱ्या दिवशी वऱ्हाड घेऊन येते."

"मंग मीठ भरा ना काकाजी," बंडूभाऊंनी मध्येच तोंड घातलं. "खड्याचं मीठ. आमचा आजा भरत होता. झोंबलं की डुक्कर फिरून नाही येत."

तुम्ही केवढे भडकलात. "मीठ? नळी सडवाची आहे का मले? वडिलाच्या हातची बंदूक आहे. एवढ्या वर्षांत पाण्याचा थेंब राहू नाही दिला त्यात, अन् तू मीठ टाकाले सांगून राहिला!"

मग माझ्याकडे वळून फक्त म्हणालात, "पाहू."

त्यानंतर तुम्ही त्यावर एक शब्द काढला नाहीत. रागावला होता की विचार करत होता, मला कळलं नाही. ताटात वाढलेलं सगळं खायचा, पण 'आणखी वाढ' म्हणायचा नाहीत. मी दोनदा शिबिराचा विषय काढला, दोनदा तुम्ही रेडिओचा आवाज मोठा केलात. मला वाटायला लागलं, सुनेनं बंडूभाऊंसमोर बोलायला नको होतं. आणि मला असंही वाटत होतं, की मी बोलले ते खरं होतं. दोन्ही एकाच वेळी वाटायचं. अजून वाटतं.

शेवटच्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात. "वाटीभर मीठ दे व. खड्याचं."

"गाईला का?"

"दे तर."

मी दिलं. माझे हात पिठाचे होते, मी वर बघितलंही नाही. थोड्या वेळानं तुम्ही बंदूक खुंटीला टांगताना दिसलात, चिंधी बांधलेली. म्हणजे पुन्हा गोळी भरली, असं मी धरून चालले. मनात म्हटलं, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी जेवून तुम्ही विहिरीजवळच्या बाजेवर आडवे झालात आणि मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्हाला हाक ऐकू गेली नाही.

तेरवीनंतर हे सौंसरच्या ठाण्यात विचारायला गेले. माणूस गेला की लायसन संपतं, बंदूक जमा करावी लागते. तिथला मुन्शी म्हणाला, "मास्साब, भरी हुई बंदूक थाने में? आप पढ़े-लिखे आदमी हैं! पहले खाली कीजिए, फिर लाइए." हे घरी आले ते रुमालानं मान पुसत. यांनी जन्मात कधी बंदुकीला हात लावला नाही, तुम्हाला माहीत आहे.

तुमचे जावई अजून होते. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? अंगणात उभं राहून हवेत उडवून टाकू. बाबूजीले सलामीच होईन ती."

मी पाटावरून उठले. पाहुण्यांसमोर, जावयांसमोर मी कधी बोलले नाही, पण तेव्हा बोलले. "हवेत गेलेली गोळी खाली कुठं येते ते सांगा आधी. मामाजींनी कुठं लागेल हे माहीत नसताना कधी बार केला नाही. त्यांचा शेवटचा बार तसा नाही होणार."

मग हे म्हणाले, "तू सांग कसं कराचं."

मी सांगितलं. बाज, सरकीचं पोतं, सीताफळ, फळी, दरड. बगीच्यातल्या बाया, गडी, पोरं सगळी विहिरीच्या मागं. बंडूभाऊंनी नेम धरून बंदूक पोत्यावर बसवली, घोड्याखाली ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी चढवली, चापाला दोरी बांधली. फळीवर कोळशानं वर्तुळ मीच काढलं. वर्तुळ एका बाजूला चपटं आलं. तुम्ही पुसून पुन्हा काढायला लावलं असतंत, म्हणून मी पुसून पुन्हा काढलं.

दोरी यांनी मागितली. मी दिली नाही.

ओढली. टोपी टिचकली फक्त. बार उडाला नाही.

जावई उठायला लागले तसे बंडूभाऊ खेकसले, "बसा खाली! काकाजीचा नियम आहे. टोपी वाजली अन् बार नाही झाला, तं एक बिडी सरेपर्यंत कोणी हलाचं नाही." आणि कठड्यामागं बिडी पेटवली. इतक्या जणांना गप्प बसवून एक माणूस बिडी ओढत होता. मला वाटत होतं, आत गोळी आहे. गोळी असली तर तुम्ही माझं ऐकलं नाहीत. ऐकलं नाहीत, आणि रागातच गेलात. बंदूक कधी उडते याची मला भीती नव्हती, ती उडाल्यावर फळीवर काय दिसेल याची होती. बंडूभाऊ बिडी पार बोटाला चटका बसेपर्यंत ओढत बसले.

त्यांनी जाऊन दुसरी टोपी चढवली. मी दोरी ओढली.

आवाज झाला, मामाजी. तुमच्या बारापेक्षा जरा बसका, पण झाला. दरडीवरचे पारवे उडाले. पांढरा धूर विहिरीवरून सावकाश बगीच्याकडे गेला. आणि मला सवयीनं वाटलं, आता तुम्ही म्हणाल, जा, पाहून सांग.

मी गेले. वर्तुळात भोक नव्हतं. वर्तुळाबाहेरही नव्हतं. आख्ख्या फळीला भोक नव्हतं. मी फळी उलटी करून बघितली, दरडीत बघितलं. मग परत येताना गवतावर काहीतरी चमकलं. पांढरं, बारीक. सीताफळाच्या खालच्या पानांवरही थोडं. मी बोट टेकवून जिभेला लावलं.

मीठ.

"काय लागलं व वहिनी?" बंडूभाऊ तिकडून ओरडत होते. मी नुसतं हातानं बोलावलं. ते लंगडत आले, त्यांनीही चाखलं. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "वडिलाच्या बंदुकीत," ते म्हणाले. "वडिलाच्या बंदुकीत काकाजीनं मीठ भरलं." आणि मग जमिनीवर बसून इतके रडले, की मला त्यांना पाणी आणून द्यावं लागलं.

वाटी तेव्हा आठवली मला. मी वर बघायला हवं होतं. तुम्ही बहुतेक सांगणार होता, निदान एखादा चिमटा तरी काढणार होता. किंवा नसताही. पारखून झाल्याशिवाय तुम्ही कशाबद्दलच बोलायचा नाहीत. मीठ भरून ठेवलंत, आता सवडीनं फळी लावून बघायची, मग काय ते बोलायचं, असं धरलं असणार. 'पाहू' म्हणालात ते खरंच पाहण्यासाठी म्हणालात. मी मात्र त्याचा अर्थ 'नाही' असा लावून बसले.

तर निकाल असा आहे, मामाजी. काम माझं आहे, म्हणून लिहिते. एवढे दिवस आत राहून मिठानं ओल धरली, पहिली टोपी त्यामुळं वाया गेली असावी. मीठ भरायचं तर त्याच दिवशी भरून त्याच दिवशी उडवावं लागेल. दुसरं, मीठ फळीपर्यंत पोहोचत नाही. वर्तुळात शोधून एक कण सापडला, तोही कडेला. बाकी सगळं वाटेत पडलं. खडे जाड घेतले तर कदाचित पोहोचतील, पण मला वाटतं डुकराला सीताफळाच्या बरंच अलीकडे येऊ द्यावं लागेल. तेवढं जवळ आलेलं माणूस आहे की डुक्कर, ते मात्र मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही दिसेल. हे तुमच्या ध्यानात आलं होतं का? आलं असणार. मला हे लिहिताना सुचलं.

म्हणजे तुमचं म्हणणं पूर्ण खरं नव्हतं आणि माझंही नव्हतं, आणि बंडूभाऊंचा आजा निम्मा बरोबर होता. हे ऐकून बंडूभाऊ आता वर्षभर छाती काढून फिरतील.

नळीची काळजी करू नका. त्याच दिवशी गरम पाण्यानं धुतली. पुन्हा धुतली. गजाला चिंधी गुंडाळून आत फिरवली, ती कोरडी आणि स्वच्छ येईपर्यंत फिरवली. धुतलेलं पाणी बोटानं चाखलं, खारट लागलं म्हणून आणखी एकदा धुतली. मग उन्हात उभी करून तेल दिलं. हे बाजूला उभे राहून बघत होते. आधी वैतागले असते. या वेळी म्हणाले, "अजून एक डाव पाहून घे."

उद्या हे आणि बंडूभाऊ बंदूक सौंसरला नेतील. मीही जाणार आहे. मुन्शी विचारेल, खाली की क्या? मी सांगेन, केली. मी बघितली आहे. निघताना घरी बघेन, ठाण्याच्या पायरीवर पुन्हा एकदा बघेन. कोणी हसलं तर हसू दे.

आणि रात्री कडी बघायला उठले की, मला माहीत आहे, रिकाम्या खुंटीकडेही एकदा बघून घेईन.